मागे बसणारा माणूस

"भाग्यवान हो तुमचे हे!"

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. गवईबुवा गेले त्या दिवसापासून तर जो तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून मलाच सांगतो, "वहिनी, आम्ही लांबून ऐकलं, ह्यांनी हाताच्या अंतरावरून ऐकलं. काय पुण्य असेल गाठीला!" मी मान डोलावते, मापपट्टी हातात घेते आणि विचारते, "फोटोला पट्टी कोणती लावू? काळी की लाकडी?" दुसरं काय बोलणार? खरं सांगायला गेले तर मलाच वेड्यात काढतील.

खरं हे आहे की आमच्या ह्यांनी बुवांचं गाणं कधी ऐकलंच नाही.

थांबा, हसू नका. पहिल्यापासून सांगते.

आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे पडदा. सासऱ्यांनी सुरू केलं, ह्यांनी चालवलं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे आलं, कारण ह्यांना चार शब्द बोलायचे म्हणजे संकट. काच कापणं, पट्ट्यांचे कोपरे जुळवणं, मागे पुठ्ठा बसवून बारीक खिळे ठोकणं, सगळं खाली मान घालून. मी मात्र गिऱ्हाइकाचं तोंड बघून ओळखते फोटो कसला आहे ते. लग्नाचा फोटो घेऊन आलेला माणूस आधी भाव विचारतो. गेलेल्या माणसाचा फोटो आणणारा आधी विचारतो, कधी मिळेल.

तरुणपणी ह्यांना गायचं होतं. गळा असा की खुद्द सासूबाई म्हणायच्या, "बाळा, दार लावून गा रे." ज्यांच्याकडे शिकायला गेले त्यांनी थोडे दिवस कळ काढली, मग ह्यांच्या हातात तंबोरा दिला आणि म्हणाले, "गळा नाही तुला, पण कान आहे. तू मागे बस." हे मागे बसले ते बसलेच.

आता तंबोरा म्हणजे काय, ते मलाही लग्नाआधी ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मोठं वाद्य आहे म्हणजे काहीतरी वाजत असेल. वाजत काही नाही त्यावर. चार तारा, एकामागून एक छेडायच्या, परत पहिल्यापासून. मैफल संपेपर्यंत तेच. गाणारा त्या आवाजावर उभा असतो, आपण जमिनीवर उभे असतो तसा. आणि जमिनीकडे कोण बघतं? खड्डा असला तरच.

ह्यांच्या हातून खड्डा पडला तो बाईंच्या मैफलीत. बाई म्हणजे त्या काळच्या सगळ्यात मोठ्या गायिका. नुसतं बाई म्हटलं तरी लोकांना कळायचं. आमचं लग्न नुकतंच झालेलं, मी नवी साडी नेसून ऐकायला गेलेली. गाणं रंगलं आणि हेही रंगले. तिथेच घात झाला. तंबोऱ्याला तबल्याच्या तालावर जायला बंदी असते. गाणं धावो नाहीतर चालो, तारा आपल्या चालीनंच छेडायच्या. पण ऐकता ऐकता ह्यांच्या बोटांत ताल शिरला आणि बोटं तबल्याबरोबर नाचायला लागली. ह्यांना पत्ताच नाही! बाईंनी गाता गाता हात मागे केला आणि तारांवर पंजा ठेवला. आवाज बंद. मग मान वळवून हसत म्हणाल्या, "गाणं तुम्हीच ऐकलंत तर समोरच्यांनी काय ऐकायचं?"

सगळी बैठक हसली. मीही हसले, नवी नवरी होते, अक्कल कुठे होती. हे घरी आले ते पांढरेफटक. जेवले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, "पुन्हा ऐकणार नाही."

मला वाटलं, रागाच्या भरात म्हणताहेत, राग निवळेल. कसला निवळतोय! ह्यांनी ती शिस्तच लावून घेतली. गवयानं तोंड उघडलं की ह्यांनी आतून कडी घालायची. कान तंबोऱ्याच्या दांडीला, डोळे सतरंजीवरच्या एखाद्या ठिपक्यावर, आणि चार तारांखेरीज जगात काही नाहीच. आधी जड गेलं, मग सवय झाली, मग हाडात मुरलं. दुकानात रेडिओवर गाणं लागलं तरी म्हणायचे, "पहिली तार उतरलीय." मी म्हणायची, "अहो, गातंय कोण ते तरी सांगा!" तर माझ्याकडे असे बघायचे, की जणू मी भलतंच काही विचारलंय.

पण काम चोख. इतकं चोख की बाईंनीच पुन्हा बोलावून घेतलं. मग बासरीवाले आले, ते तर ह्यांना सोडून दुसऱ्या कुणाला मागे बसूच देत नसत. आणि मग बुवा. बुवा चारचौघांत सांगायचे, "हा मागे असला की माझ्या पाठीला भिंत असते." केवढं कौतुक वाटायचं ह्यांना त्याचं! भिंतीला कान असतात म्हणतात. ह्या भिंतीला नव्हते.

लोकांनी नावही पाडलं, मागचे. "मागचे आलेत का? मागच्यांना चहा द्या." खरं नाव पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. मी चिडवायची, "तुम्ही मागचे, मग मी कोण, मागच्यांच्या मागची?" हे हसायचे. तेव्हा हसायचे.

बाई गेल्या तेव्हा पहिल्यांदा मला ह्या प्रकाराची भीती वाटली. इथल्या संगीत मंडळाचा हॉल आहे. मोठा कलावंत गेला की त्याचा फोटो तिथल्या भिंतीवर लागतो आणि फ्रेम करायला आमच्याकडे येतो. मंडळाचे चिटणीस बाईंचा फोटो घेऊन आले. बाई गाताहेत, हात वर गेलाय, आणि मागे ह्यांचं कोपर आणि तंबोऱ्याचा भोपळा. चिटणीस म्हणाले, "बाजूचं जरा झाकून टाका. बाईच दिसू देत." ह्यांनी जाड कागदाची चौकट कापली आणि स्वतःचं कोपर स्वतःच झाकलं.

मी भडकले. "अहो, स्वतःच्या हातानं स्वतःला पुसताय?"

"फोटो बाईंचा आहे," म्हणाले. संपलं बोलणं.

त्या दिवशी जेवताना मात्र घास हातात धरून विचारलं, "बाईंचा आवाज कसा होता गं?" मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हते करत. मी म्हटलं, "होता... भरलेला होता. गोड, पण जरा तिखटही." हे म्हणाले, "हं." आणि घास खाल्ला. बासरीवाले गेले तेव्हाही तेच. फोटो आला, चौकट कापली, कोपर झाकलं आणि मला विचारलं, "त्यांची बासरी कशी वाजायची?" अहो, हाताच्या अंतरावर बसायचात ना? मी डोक्याला हात लावला. पण मोठ्यांपैकी आता एकटे बुवाच उरले होते.

बुवांची मारवा रागाची मैफल झाली ती ह्याच्या खूप आधी, आमची लेक तान्ही असताना. त्या संध्याकाळबद्दल लोक अजून बोलतात. उन्हं कलली होती, खिडक्या उघड्या होत्या, आणि बुवांनी मारवा सुरू केला. मी तिसऱ्या रांगेत होते, लेक मांडीवर. सांगतात की मधेच तबलजी वाजवायचं विसरला. सांगतात की बुवा थांबले तेव्हा टाळ्या वाजवायला कुणाचे हात उठेनात, लोक नुसते उठून अंधारात घरी गेले. बुवांना गाणं टेप केलेलं चालायचं नाही. म्हणायचे, "गाणं काय बरणीत भरून ठेवायचं?" पुढे कधीतरी रेडिओवाल्यांनी मनवलं, थोडंफार ध्वनिमुद्रण झालं, पण ती संध्याकाळ कुणाकडेच नाही. ज्यांनी ऐकली त्यांच्याकडे आहे. त्यांतलेही आता एकेक करून चाललेत.

बासरीवाले गेल्यावर ह्यांनी मनाशी ठरवलं, बुवांना एकदा समोर बसून ऐकायचं. एकदाच. इतक्या वर्षांत ह्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. चपलासुद्धा मी आणते. बुवांपुढे उभे राहून, घाम पुसत पुसत मागितलं. बुवा मोठ्या मनाचे. म्हणाले, "अरे, एवढंच ना? ह्या खेपेला दुसऱ्या कुणाला बसव मागे. तू पुढे बस, माझ्या डोळ्यांसमोर."

काय आनंद सांगू! मी सदरा कडक इस्त्री करून दिला. पहिल्या रांगेत आम्ही दोघं. ह्यांच्या जागी बुवांचा एक शिष्य तंबोरा घेऊन बसला. बुवांनी सूर लावला, जरा गायले, थांबले, खाकरले, परत गायले. मागे वळून बघितलं. मग समोर बघून कसनुसं हसले आणि म्हणाले, "मागचे, या बाबा वर. उघड्यावर बसल्यासारखं वाटतंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आमचे हे उठले! धावत गेले हो वर, लाडक्या लेकरासारखे.

घरी आल्यावर मी बोलायचं ते सगळं बोलले. "तोंड नव्हतं का? नाही म्हणायचं!"

"बुवांना नाही म्हणायचं?" ह्यांना माझा प्रश्नच कळेना. "पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या खेपेलाही तेच. मग बुवांनीच तोडगा काढला, "माझी शेवटची मैफल तू समोर बसून ऐक, मग मी कसाही गाईन." दोघंही हसले. आता मला सांगा, शेवटची कोणती, हे आधी कुणाला कळतं? ती होऊन गेली. नेहमीसारखे हे मागेच होते. बुवांनी घरी जाताना ह्यांच्या पाठीवर थाप मारली, आठवडाभरानं अंथरूण धरलं आणि पुन्हा काही उठले नाहीत.

बातमी आली तेव्हा हे काच कापत होते. चिटणिसांचा फोन मी घेतला, पडद्यातून बाहेर आले आणि सांगितलं. हिऱ्याची लेखणी काचेवर अर्ध्यात होती. ह्यांनी ती रेघ शेवटपर्यंत नेली, काच टेबलाच्या कडेवर ठेवून सरळ मोडली, बाजूला उभी केली. मग स्टुलावर बसले. रडले नाहीत. एक टिपूस नाही. मला वाटलं, धक्का बसलाय, रडू उशिरा येईल. नाही आलं. फोटो आला, हे कामाला लागले. ह्या वेळी मी चिटणिसांच्या तोंडावर सांगितलं, कोपर झाकणार नाही म्हणून. ते म्हणाले, "बरं, वहिनी." ह्यांनी तरीही झाकलं.

शोकसभेला हॉल गच्च भरलेला. एकेक जण उठून बोलत होता. कुणी बुवांच्या ताना सांगितल्या, कुणी मारव्याची संध्याकाळ, आणि अर्ध्यांनी तर बुवांच्या निमित्तानं स्वतःचंच सांगितलं, जसं नेहमी होतं. मग चिटणीस म्हणाले, "ज्यांनी बुवांना सगळ्यात जवळून ऐकलं, ते आपले मागचे, त्यांनी आज तरी पुढे यावं." ह्यांना धरून उभं केलं. ह्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "मी बुवांचं गाणं ऐकलेलं नाही. बाईंचंही नाही. ते कसे गात, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, तर मला कुणीतरी सांगा."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. चिटणीस डोळे पुसत माइकवर आले, "ह्याला म्हणतात विनय! एवढं ऐकून म्हणतात, ऐकलं नाही!"

विनय कसला डोंबलाचा! माणूस भीक मागत होता तिथे उभा राहून. एकानं घातली नाही.

घरी येताना रस्त्यात म्हणाले, "कुणालाच खरं वाटलं नाही." जरा चालल्यावर पुन्हा म्हणाले, "मारव्याची गंमत ठाऊक आहे तुला? त्यात सा लपवून ठेवतात. गवई त्याच्या भोवती फिरतो, जवळ येतो, टेकत नाही. म्हणूनच तो राग इतका कासावीस करतो. आणि त्या संध्याकाळी मी मागे बसून सगळा वेळ काय वाजवत होतो? सा. जे बुवा गात नव्हते तेवढंच मी ऐकलं." मी त्यांचा हात धरला. रस्त्यात कधी धरत नाही.

मग लेक आली. तिनं बुवांचं जेवढं मिळालं तेवढं गोळा करून आणलं, फोनमध्ये घातलं, कानावर लावायचं चांगलं यंत्र आणलं. "बाबा, आता कुणी मागे बोलवायला नाही. निवांत ऐका." ह्यांनी ते कानाला लावलं, डोळे मिटले. आम्ही मायलेकी बघत बसलो. आणि मला ह्यांचा उजवा हात दिसला. गुडघ्यावर बोटं हलायला लागली होती, एकामागून एक, सावकाश.

गाणं संपल्यावर यंत्र काढून ठेवलं. लेकीनं विचारलं, "कसं वाटलं?"

"तंबोरा छान लागलाय," म्हणाले.

"आणि बुवा?"

"आहेत. कुठेतरी पलीकडे." मग माझ्याकडे वळून, अगदी हताशपणे, "अगं, सगळीकडे मीच आहे. बुवांना शोधायला जातो आणि मीच आडवा येतो."

पुन्हा लावलं, पुन्हा तेच. हात मांडीखाली दाबून ऐकलं, तरी तेच. लेकीनं कुणाकडून तरी गाण्यातला तंबोरा कमी करून आणला. तर ह्यांना नसलेला तंबोरा ऐकू यायला लागला! चार दिवसांनी यंत्र परत तिच्या हातात दिलं. म्हणाले, "घेऊन जा, बाळा. माझे कान ह्यातून गेले."

त्यानंतर हे जे खचले ते खचलेच. तंबोऱ्याला कापडी गवसणी घातली, ती काढली नाही. दुकानात येऊन बसायचे, पण हातातली पट्टी हातातच. दोन घास खाऊन ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, तब्येतीत काही नाही. तब्येतीत नाही हे मलाही कळत होतं! जन्मभर ज्याची राखण केली ते आत काय होतं, हे न बघताच ते संपलं, असं झालं होतं ह्यांचं. मी एकदा चिडून म्हटलंही, "जगातली सगळी माणसं काय बुवांना ऐकून जगतात? मी जगतेच आहे ना?" म्हणाले, "तू ऐकलंयस."

परवा संध्याकाळची गोष्ट. दुकानाचं फळकूट लावून मी आत आले. हे खिडकीपाशी बसले होते, दिवा लावला नव्हता. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "राहू दे. त्या मारव्याला तू समोर होतीस ना?"

"होते."

"सांग."

"मी काय सांगणार? लोक म्हणतात—"

"लोकांचं नको. बुवांचं सांग. कसे गायले?"

मला गाण्यातलं काही कळत नाही, आणि माझा आवाज म्हणजे तेल न घातलेलं दार. पण बुवांनी त्या संध्याकाळी पहिली ओळ कशी उचलली ते माझ्या डोक्यात का कोण जाणे तसंच राहिलंय, इतकी वर्षं. पोळीच्या पिठात हात असताना कधी कधी तेच गुणगुणते. मी खाली सतरंजीवर बसले, लाज सोडली आणि म्हटलं. जसं आठवत होतं तसं. कुठे वर गेले, कुठे घसरले, मलाच ठाऊक.

म्हणता म्हणता माझी नजर ह्यांच्या हाताकडे गेली. बोटं थांबली होती.

हे पुढे झुकले होते, तोंड अर्धवट उघडं. असा चेहरा मी ह्यांचा कधी बघितला नव्हता. पुढच्या रांगेतल्या लोकांचा असतो तसा. मागे तंबोरा नव्हता, काही नव्हतं. नुसती माझी फाटकी ओळ होती, आणि तिच्यातून ह्यांना काहीतरी दिसत होतं.

"परत," म्हणाले. मी परत म्हटलं.

"असं गेले बुवा? आधी खाली थांबून मग वर?"

"हो. असंच. ते मला पक्कं आठवतंय."

"अरे देवा," म्हणाले, आणि चक्क हसले. मग माझा हात धरला. "आणि पुढे? पुढे कसे गेले?"

खोटं बोलावंसं वाटलं, देवाशप्पथ. काहीतरी रचून म्हणावं, ह्यांना काय कळणार होतं. पण इतक्या जवळून बघत होते की तोंडातून खोटं निघेना.

"पुढे लेक रडायला लागली," मी म्हटलं. "भुकेली होती. शांत होईना, लोक वळून बघायला लागले. मी तिला घेऊन जिन्यात गेले. दार लावून घेतलं कुणीतरी. मी परत आत आले तेव्हा लोक घरी निघाले होते."

हे रागावले असते, ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच हात सोडला.

"म्हणजे आपल्या घरातलं कुणीच नव्हतं तिथे," म्हणाले.

आणि रडायला लागले. बाईंचं, बासरीवाल्यांचं, बुवांचं, सगळं एकदम. मी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, तीच ओळ परत म्हणायला लागले. तर ह्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नको," म्हणाले. "म्हणून म्हणून बिघडेल. आपल्याकडे तेवढीच आहे."